उंबरठ्यावरचा राघू

रामनवमीचं कीर्तन उद्योगपुरी या कंपनीच्या वसाहतीतल्या सभागृहात ऐन रंगात आलं होतं. प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर कंपनीची नाडीपट्टी होती. नाडी काय सांगते ते ताडून आख्यानयंत्र पुढची कथा रचायचं आणि कीर्तनकार वेणूताई आठल्यांच्या कानातल्या कर्णिकेत ती पुटपुटायचं. त्यामुळे अलीकडे प्रत्येक आख्यानातला भक्त शेवटी नवं घर, नवी गाडी मिळवूनच देवाला हात जोडी. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दुकानात झुंबड उडे!

आज उत्तररंगात बासरीवाल्या राघूची कथा होती. राजा त्याला महाल देत होता. अट एकच, हुकूम होईल तेव्हाच वाजवायचं. राघूचा एक पाय उंबरठ्यावर! ताई थांबल्या. सभागृह चिडीचूप. सगळ्यांच्या नाड्या एका संथ लयीत आल्या.

कर्णिका कुजबुजली, "श्रोते झोपले आहेत. राघूला आत न्या. पलंगाचं वर्णन करा."

ताईंना हसू आवरेना. "मंडळी, हे यंत्र म्हणतंय, तुम्ही झोपलात!"

"झोपलो?" पॅकिंग विभागातली चंद्रकला उसळली. "अहो ताई, श्वास अडकलाय इथं माझा!"

हास्याचा स्फोट झाला. अरे, या खुळ्या यंत्राला तल्लीनता कळतच नाही! ताईंनी कर्णिका काढली आणि पेटीवर ठेवली.

व्यवस्थापक हुद्दार धावत आले. "ताई, घाला ती. नाहीतर उद्या क्वार्टर सोडावं लागेल."

क्वार्टर म्हणजे कंपनीनं ताईंना दिलेलं राहतं घर. तरी त्या म्हणाल्या, "साहेब, नारदांच्या गादीपाशी आलात. आधी नमस्कार, मग हुकूम."

लहानपणची सवय! हुद्दार नकळत वाकले. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"राघू आत गेला का हो?" चंद्रकलेनं विचारलं.

"मलाही ठाऊक नाही, बाई!" ताईंचा आवाज आनंदानं कापत होता. "तुम्हीच सांगा."

"बाहेर!"

"आधी वाजवू दे त्याला!"

"आणि त्याची पोरंबाळं खातील काय?"

मनगटांवरच्या पट्ट्या पटापट सुटू लागल्या. हुद्दारांच्या हातातला, नाड्या दाखवणारा पडदा कोरा झाला. त्यावरची नजर काढून ते गादीशेजारीच खाली बसले.

"पण ताई," त्यांनी हळूच विचारलं, "महाल नाकारल्यावर तो राहील कुठं?"