मार्गशीर्षातली अरुंधती

एस.टी.चा टायर बसला तेव्हा आबा आज नक्की रागावणार, एवढंच माझ्या मनात आलं. मग खिडकीबाहेर बघितलं, तर एक माणूस डोक्यावर पुस्तक धरून उभा!

पुस्तक उघडं, उपडं, छपरासारखं धरलेलं. मान मागे टाकलेली, दुसऱ्या हातात विजेरी, आणि विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधलेला. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. अमळनेर मागे पडलं होतं, तापी अजून लांब होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचून झालेली कपाशी उभी होती. कंडक्टर आणि ड्रायव्हर चाकाशी झटत होते, उतारू विड्या ओढत होते, आणि हे महाशय एकटेच आकाशाकडे बघून पुटपुटत होते.

मी अमळनेरच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. करत होते. आठवडाभर मामांकडे राहायचं आणि शनिवारी चोपड्याला घरी, वडिलांकडे, म्हणजे आबांकडे यायचं. नकाशा कुणी उलटा धरलेला मला बघवत नाही. मी खाली उतरले.

"अहो, उलटं धरलंय तुम्ही."

"सुलटं धरलं की पूर्व पश्चिमेला जाते." त्यांनी मानसुद्धा खाली केली नाही.

"मग पुस्तकच चुकीचं छापलंय. टाकून द्या."

आता मात्र मान खाली आली. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर केसांची एक चुकार बट, आणि ओठांवर... हसू की राग ते कळेना. "जमिनीचा नकाशा वरून खाली बघायचा असतो. आकाशाचा खालून वर. पटत नसेल तर या इथे, पुस्तकाखाली."

मला पटलं नव्हतं, म्हणून मी गेले. खरंच सांगते, तेवढ्यासाठीच गेले! खिशात मावेल एवढं ते पुस्तक, त्याच्याखाली दोन डोकी मावायची म्हणजे... असो. पण पूर्व पूर्वेला आली होती आणि पश्चिम पश्चिमेला. डोळे न दिपवणाऱ्या त्या लाल उजेडात नकाशावरचे ठिपके दिसत होते आणि पानाच्या कडेबाहेर तेच ठिपके आभाळात चमकत होते.

"आहे ना बरोबर?" ते हळूच म्हणाले.

"आहे," मी म्हणाले. "पण तुम्ही शोधताय काय एवढं?"

"सप्तर्षी. इंग्रजी पुस्तक आहे, धुळ्याला रद्दीत मिळालं. पहिल्याच पानावर लिहिलंय, सुरुवात सप्तर्षींपासून करा, ते कधीच मावळत नाहीत. आणि मला तर ते कुठेच..."

"सुटीवर गेले असतील."

ते हसले. तेवढ्यात चाक बदलून झालं आणि कंडक्टरनं हाका मारल्या. गाडीत ते माझ्या पुढच्या बाकावर बसले आणि वळून वळून बोलत राहिले. नाव झुलाल पाटील, गाव धुळ्याकडचं, चोपड्याच्या हायस्कुलात विज्ञानाचे मास्तर. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्या आणायला अमळनेरला आले होते.

पुढच्या शनिवारी ते परत परीक्षानळ्या आणायला आले होते. त्याच्या पुढच्या शनिवारीही. एवढ्या नळ्या फोडते तरी कोणती शाळा, असं मी विचारल्यावर त्यांचे कान लाल झाले, आणि मला विजेरीचा कागद आठवला.

चोपड्याच्या स्टँडवर आबांनी आमचा गडी पुना बैलगाडी घेऊन पाठवलेला असे. तो बैल जुंपेपर्यंत आम्हाला आकाश मोकळं मिळे. अशाच एका शनिवारी मी त्या पुस्तकाची चोरी पकडली. पुस्तकातल्या चित्रात ध्रुव पार अर्ध्या आभाळात चढलेला. आमचा ध्रुव सातपुड्याच्या जरासा वर, हात लांब करून मुठी मोजल्या तर दोन मुठी!

"झुलाल सर, जितके अक्षांश तितका ध्रुव उंच. हे पुस्तक विलायतेतल्या माणसांसाठी आहे! त्यांचा ध्रुव एवढा वर, म्हणून सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना जमिनीला टेकतच नाहीत. आपला ध्रुव खाली. आपले सप्तर्षी बुडतात. या दिवसांत ते मध्यरात्रीनंतर उगवत असणार."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी पहिल्या पानावरच्या त्या वाक्याखाली लिहिलं, 'खानदेशात मावळतात — कुंदा.' माझं नुसतं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतलं, तेही कागदावर... आणि मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

पण त्याच क्षणी मला दुसरंच काहीतरी आठवलं आणि मी तोंडावर हात दाबून खाली बसले. हसू आवरेना.

"काय झालं?"

"पितांबर भाऊजी!"

त्यांना सगळं सांगावं लागलं. आमच्या घरात अक्कांचा, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीचा, एक नेम होता. घरच्या मुलीची सुपारी फुटण्याआधी जावयाला दिवेलागणीनंतर अंगणात उभं करायचं आणि अरुंधती दाखव म्हणायचं. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली ती बारीकशी चांदणी. ती ज्याला दिसत नाही त्याला फार आयुष्य नाही, असं अक्का मानत. घरची मुलगी अशा माणसाला कशी द्यायची? दिसली, तरच सुपारी. माझी थोरली बहीण सुनंदा, तिचे यजमान पितांबर भाऊजी. त्यांना उभं केलं तेव्हा त्यांनी क्षणात बोट वर करून सांगितलं होतं, "दिसली! लख्ख दिसली! शेजारी वसिष्ठही दिसले."

"मग?"

"मग काय? मार्गशीर्ष होता तो!"

झुलाल सर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. पुना गाडीवरून वळून बघायला लागला. आम्ही दोघं शहाण्यासारखे गप्प उभे राहिलो आणि परत एकमेकांकडे बघून फुटलो. घरी मात्र मी हे कुणाला बोलले नाही. भाऊजी भले माणूस, सुनंदा सुखात, कशाला उगाच?

चैत्रात सप्तर्षी संध्याकाळीच वर यायला लागले. आम्ही इतके दिवस वाट बघितलेली ती पाहुणे मंडळी ईशान्येला केळीच्या बागांवर उभी राहिली. मी तर नाचायचीच बाकी होते.

"ती बघा, शेपटीतली मधली चांदणी म्हणजे वसिष्ठ. आणि तिला लागूनच... दिसली? अरुंधती!"

त्यांनी बघितलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"मला तिथे एकच तारा दिसतो," ते म्हणाले.

"नीट बघा ना."

"कुंदा... माझे डोळे इतकेच आहेत. या चष्म्याच्या वरचा नंबर धुळ्यात मिळत नाही."

मला अक्कांचा नेम आठवला. गेल्याच आठवड्यात जामनेरच्या जिनिंगवाल्यांचं स्थळ आबांकडे येऊन गेलं होतं. मुलाला बघून आलेले सगळे त्याच्या नजरेचंच कौतुक करत होते. उडत्या पाखराची शिकार करतो म्हणे. आणि माझ्यासमोर हा उभा होता, ज्याला अरुंधती दिसत नव्हती आणि ज्याच्यावाचून मला शनिवार नको झाला असता. प्रेम बसलंय हे मला कळलं ते असं, अगदी काळजीतून.

"आखाजीला काका येतो म्हणतात... धुळ्याहून," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमच्या आबांना भेटायला. मी त्यांना तसं... पण आता येऊ नये का?"

"येऊ नये असं कोण म्हणतंय?" मी चटकन म्हणाले. "या. आणि अक्कांनी विचारलं की म्हणा, दिसली. जागा तर तुम्हाला पाठ आहे. भाऊजींनी नव्हतं का म्हटलं?"

"थापेनं सुरुवात करायची?"

"मग जामनेरवाले बघतील माझं," मी म्हणाले आणि रागारागानं गाडीत चढून बसले. घरापर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. म्हणजे, फक्त वळणावर बघितलं. ते तसेच उभे होते, आणि पुस्तक खिशातच होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं घर गजबजून गेलं. सुनंदा माहेरी आलेली, लिंबाला झोके टांगलेले, आमरसाची पातेली उतू चाललेली, आणि अंगणात माहेरवाशिणींची गाणी. दुपारी धुळ्याचे काका आले, मागोमाग कडक इस्त्रीच्या सदऱ्यात झुलाल सर. बोलणी चांगली झाली. आबांना मास्तर आवडले होते, कारण त्यांनी केळीच्या पानांवरच्या डागांबद्दल मन लावून विचारलं. संध्याकाळी चंद्राची कोर पश्चिमेला कलली, दिवे लागले, गाणी थांबली, आणि अक्का काठी टेकत अंगणात आल्या.

"पोऱ्या, वर देख. अरुंधती कोठे शे?"

मी दाराआड सुनंदाचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. 'म्हणा ना,' मी मनातल्या मनात म्हणत होते, 'नुसतं बोट वर करा...'

त्यांनी बोट वर केलंही. अगदी बरोबर जागी. अक्कांच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं होतं.

"ती तिथे असते, अक्का," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलंय, म्हणून जागा ठाऊक आहे. पण मला ती दिसत नाही."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. आबा खाली बघायला लागले. आणि तेवढ्यात पितांबर भाऊजी, आमरसानं तुडुंब झालेले, पोटावरून हात फिरवत म्हणाले, "अरेरे! दिसत नाही? मला तर बुवा एका क्षणात दिसली होती."

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. लग्नाची मुलगी अशी बाहेर येत नाही, हे मला अंगणात येऊन उभी राहिल्यावर आठवलं.

"भाऊजी, तुम्हाला मार्गशीर्षात दिसली ना? मार्गशीर्षात संध्याकाळी सप्तर्षीच नसतात वर! अरुंधती कुठून आली तुमची?"

"कुंदे!" आबा ओरडले. मग त्यांनी आभाळाकडे बघितलं, मनाशी काहीतरी जुळवलं, आणि त्यांच्या मिश्या हलायला लागल्या. "खरं शे, अक्का. हिवाळामा बाजलं पहाटे दिसस. मी केळीले पानी देतांना रोज देखस." सप्तर्षींना आमच्याकडे बाजलं म्हणतात.

अक्का सावकाश भाऊजींकडे वळल्या. "मंग तुले काय दिसनं व्हतं रे, पितांबर?"

भाऊजींनी घाम पुसला. दाराकडे बघितलं. "अक्का, दारात सुनंदा उभी होती. तुम्ही तेव्हा हत्ती दिसतो का विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं."

सुनंदानं पदरात तोंड लपवलं. सगळं अंगण हसत सुटलं, पण अक्का हसत नव्हत्या, आणि मला त्यांच्याशिवाय कुणाचंच पडलं नव्हतं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"अक्का, भाऊजींना अरुंधती दिसली नाही. आणि बघा तरी त्यांच्याकडे! काही झालंय त्यांना? दोन सदरे उसवून मोठे करावे लागले."

अक्कांनी भाऊजींच्या पोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या खांद्यांना आधी थरथर सुटली, मग आवाज फुटला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"बठ्ठा जवाई म्हनतस दिसनी, दिसनी," त्या म्हणाल्या. "हाऊ एकच म्हने, दिसत नही." त्यांनी काठीनं झुलाल सरांना जवळ बोलावलं आणि माझी हनुवटी धरली. "तुले दिसस ना, पोरी?"

"दिसते, अक्का."

"मंग एकनी नजर पुरस दोन्हीसले. सुपारी आना."

मी आत पळाले. जाता जाता त्यांच्या बाजूनं गेले तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "परीक्षानळ्या संपल्या एकदाच्या."

"आता ते पुस्तक माझं," मी म्हणाले.

लग्न ज्येष्ठात लागलं, गोरज मुहूर्तावर. जेवणं व्हायच्या आधी भटजींनी आम्हाला मांडवाबाहेर नेलं. उत्तरेला सातपुडा काळा पडला होता, त्याच्या वर दोन मुठींवर ध्रुव, आणि त्याच्याही वर सगळे सप्तर्षी, एकही सुटीवर नसलेले. मुंडावळ्या सावरत मी यांचं मनगट धरलं आणि बोट नेमक्या जागी नेऊन ठेवलं.

"अरुंधती पाहिली?" भटजी घाईत होते. "म्हणा, पाहिली."

हे वर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हिनं पाहिली."