कलती कळी

मला भेटायचं होतं कारखान्याच्या मालकांना, भेटला तो, कापड छापणारा. कोपरापर्यंत रंगानं निळा झालेला, कानामागे पेन्सिल. मालक बाहेर गेलेत म्हणाला आणि माझ्या हातातली कागदांची गुंडाळी त्यानं तान्हं मूल घ्यावं तशी घेतली.

आई या कारखान्यासाठी कापडावरची नक्षी काढायची. तिचं शेवटचं चित्र आता छपाईला जाणार होतं. एकच चौकोन, तोच पुन्हा पुन्हा छापत कापडाचं सबंध थान भरायचं. मी घरी त्याच्या चार प्रती काढून जोडून पाहिल्या, तर वेली कडेला तुटत होत्या. देठ एकीकडे, फूल भलतीकडे. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम, चुका मला लगेच दिसतात. ही मात्र मी तीनदा तपासली. जाण्याआधी, शेवटच्या महिन्यात तिचा हात चुकू लागला होता का...? चुकलेलं चित्र तिच्या नावावर राहू नये. ते छापू नका, एवढंच सांगायला मी आले होते.

त्यानं प्रती टेबलावर पसरल्या.

"तुम्ही फरशा बसवल्यासारख्या लावल्यात."

"मग कशा लावतात?"

"रागावणार नसाल तर दाखवतो."

मी रागावलेय असं कोण म्हणालं, मी विचारलं. भुवया म्हणताहेत, तो म्हणाला.

मग शेजारची प्रत त्यानं दोन बोटांनी खाली सरकवली — बरोबर अर्ध्या उंचीनं. वेल धावत पलीकडे गेली. देठाला फूल मिळालं. तिसरी प्रत, चौथी... आता कडा शोधूनही सापडेनात. टेबलभर एकच वेल, जिवंत. माझा हात आपोआप तोंडावर गेला. आई चुकली नव्हती. केसभरही नाही.

त्यानं कपाट उघडलं. त्यानं छापलेली सहा वर्षांची कापडं — पडदे, चादरी, मुलांचे फ्रॉक — एकेक उलगडत गेला. पक्षी बदलत होते, पानं बदलत होती, पण प्रत्येकात कुठेतरी तीच एक कळी, डावीकडे कललेली. सुटी चित्रं मी जन्मभर पाहिली होती. अशी एका रांगेत कधीच नाही.

"ही कळी कुठली, मी त्यांना एकदा विचारलं होतं," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणाली?"

"माझी लेक वाचताना मान अशी कलती करते."

मी घाईनं मान सरळ केली. तो हसला, मग हसता हसता थांबला.

"सहा वर्षं मी ती मान छापतोय. आज ती दारातून आत आली, आणि... मला बोलायचं सुचेना."

"बोलताय की इतकं."

"ते कापडाबद्दल. ते सोपं असतं."

डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत. स्टूल ओढून टेबलाशी बसले.

"छापा," मी म्हटलं. "पण मी इथे बसून बघणार."

"थान संपेपर्यंत?"

"ही नक्षी संपते कुठे, ते आधी दाखवा."

त्यानं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि दुसरं स्टूल ओढलं.