हळद चोळायची नाही

अमळनेरला मैत्रिणीच्या हळदीत दिपमालाने मुद्दाम मागची खुर्ची धरली होती. पण धुळ्याहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आलेल्या मंडळींत योगेंद्र नावाचा एक आगाऊ प्राणी होता. "नवरीची मैत्रीण कोरडी कशी?" म्हणत त्याने तिच्या हाताला हळद फासली आणि वर चांगली चोळलीही!

थोड्याच वेळात तिच्या हातावरचे तपकिरी डाग लाल होऊन टम्म फुगले. योगेंद्रचा चेहरा पडला.

"अहो... माझ्यामुळे?"

"चोळल्यामुळे." दिपमालाने पर्समधली गोळी घेतली. "मॅस्टोसायटोसिस म्हणतात. शरीराच्या पहारेकरी पेशी कातडीत नको इतक्या वाढल्यात. घासलं, तापलं की उगाच बोंब मारतात. क्वचितच कुणाला होतं. दुसऱ्याला लागत नाही — हात झटकू नका."

"झटकत नाहीये," तो म्हणाला. "पहारा एवढा कडक... म्हणजे आत काहीतरी मोलाचं असणार."

तिला हसू आवरेना. मेला, फुगलेल्या हातावरही लाडीगोडी!

मग फोन सुरू झाले. चौकशी आधी हाताची, मग तिची. जळगावला तिच्या त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तो "सहजच" उगवू लागला. तिखट तिला सोसत नाही म्हणून शेवभाजी सोडून तिच्यासोबत वरण-भात खाऊ लागला. धुळ्याच्या माणसाने याहून मोठं प्रेम करायचं तरी कसं? दिपमाला पुरती विरघळली.

"माझ्या आईला डागांचं मी सांगू?" त्याने विचारलं.

"नको... मीच सांगेन."

तो आईला घेऊन रीतसर बघायला आला, त्या दिवशी दिपमालाच्या आईने, कोकिळाबाईंनी, लेकीला लांब बाह्यांचा ड्रेस दिला. "लगीन व्हवू दे, मंग सांग. आधीना दोन स्थळं कशी गयात, माहीत शे ना?"

माहीत होतं. या वेळी नुसतं स्थळ जाणार नव्हतं, योगेंद्र जाणार होता. पण लपवून नांदायचं म्हणजे जन्मभर बाह्या ओढत बसायचं. चहा झाल्यावर दिपमालाने बाही वर सारली आणि एका डागावर चमच्याची दांडी घासली. डाग सगळ्यांदेखत फुगला.

"हा आजार आहे. कदाचित कायमचा राहील. मी लपवणार नाही."

कोकिळाबाईंनी डोळेच मिटले.

"आई, मला माहीत होतं," योगेंद्र म्हणाला. "माझं प्रेम आहे हिच्यावर."

त्याची आई, पुष्पाबाई, उठून दिपमालाशेजारी बसल्या. डागाकडे नेलेलं बोट त्यांनी मध्येच मागे घेतलं.

"मंग हिले हाळद कशी लावानी?"

"आंब्याच्या पानाने," योगेंद्र घाईने म्हणाला. "नुसती टेकवायची."

"तुले कोनी इचारं?" पुष्पाबाईंनी त्याला गप्प केलं आणि कोकिळाबाईंकडे वळल्या. "याहीनबाई, पानं आम्हीच धाडसूत. नाहीतर तुमन्या बाया चोळतीन."

पुढचं कोकिळाबाईंना ऐकूच आलं नाही. विहीण म्हटलं होतं, तेवढं पुरलं. दिपमालाने योगेंद्रकडे पाहिलं, आणि बाही तशीच वर राहू दिली.