पहिल्या रांगेतली खुर्ची

साहेब, तुम्ही मला फसवलंत. 'दोन महिने फुकट काम कर, अनुभवाचा दाखला देतो' म्हणालात, आणि काम संपल्यावर दाखल्याच्या बदल्यात माझ्याकडून खोटं मागितलंत. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या कामात फसलेल्याचं नाव लिहायचं नसतं. फसवणाऱ्याचं लिहायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावर ठरवीन.

पण ही गोष्ट तुमची नाही. माझी आणि निहारची आहे. तुम्ही मध्ये येता, कारण मध्ये यायची तुम्हाला सवय आहे.

मी गौरवी, पाळी गावची. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खाण थांबली, ट्रक दारात गंजला. मी मोबाईलवर बघत, वाचत माहिती सुरक्षा शिकले — लोकांचे पासवर्ड, त्यांची खाती चोरांपासून कशी राखायची ते. शिकले खरी, पण जिथे जावं तिथे आधी अनुभव मागत. अनुभव काय झाडाला लागतो? मग मीच म्हणायला लागले, थोडे दिवस ठेवा, फुकट करते. डिचोलीतल्या एका ऑफिसाने मला प्रिंटर दुरुस्त करायला बसवलं. दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे हॅकर? घरी ठाऊक आहे?" शेवटी हळर्णच्या तुमच्या काजू बागायतदारांच्या संस्थेने 'ये' म्हटलं.

त्या सकाळी पेडण्याला उतरले तेव्हा धुकं होतं आणि हळर्णची बस गेलेली होती. स्टँडच्या कोपऱ्यावर एकजण मोटारसायकलवर बसून पावाचा उंडो खात होता. आमच्याकडे मोटारसायकलवर भाड्याने नेणाऱ्याला पायलट म्हणतात. मी सरळ मागे जाऊन बसले.

"हळर्णाक. काजूच्या संस्थेकडे सोडा. किती घेणार?"

त्याने वळून बघितलं. तोंडात पाव, डोळ्यांत हसू... घास गिळून म्हणाला, "तुमी द्याल ता."

रस्ताभर काजूच्या मोहोराचा वास येत होता. प्रत्येक खड्ड्याआधी तो गाडी इतकी हळू करायचा की मला वाटलं, मागे मी नाही, अंड्यांची टोपली आहे. संस्थेच्या दारात उतरले, नोट दिली. त्याने ती खिशात घातली, माझ्यामागून आत आला, हेल्मेट खिळ्याला अडकवलं आणि पहिल्या टेबलामागे जाऊन बसला.

"आता बोला. काय काम हा?"

"तुम्ही... पायलट नाही?"

"पायलटच्या गाडयेचो मडगार्ड पिवळो असता. माझो काळो." त्याने ती नोट टेबलाच्या काचेखाली सरकवली. "सुरक्षावाली येतली म्हणान सांगितललां आमका. तीच ना तुमी?"

कॅशवर बसणारी सुमंगलाबाय इतकी हसली की तिला ठसका लागला.

तो निहार. काँट्रॅक्टवरचा क्लार्क. त्या दिवसापासून दोन महिने मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसले.

काम पुष्कळ होतं. सगळ्या बागायतदारांच्या बँकखात्यांची माहिती त्या कॉम्प्युटरांत, आणि पासवर्ड काय, तर गावच्या देवाचं नाव. तेही चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेलं.

"देवाच्या नावाक कोण हात लावतलो?" सुमंगलाबाय म्हणाली.

"चोर देवळातही शिरतो, बाय."

दुपारी खिडकीतून माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ऊन यायचं. निहार उठायचा, अर्धं जनेल लावायचा आणि पुन्हा जागेवर. रोज. बोलायचा नाही काही. एकदा मी त्याची परीक्षा घेतली.

"निहार, तुझा पासवर्ड काय?"

"सांगूचो नसता."

"शाबास."

"पण काल बदललंय..." तो फाईलकडे बघत म्हणाला. "आधीचो सोपो होतो. आता पाळीच्या माणसाक चटकन कळतलो."

मी पडद्याकडे बघत राहिले. कान गरम झाले होते.

शेवटी चाचणी घ्यायची होती. चोर जसा फसवा मेसेज पाठवतो, तसा आपणच आपल्या माणसांना पाठवायचा आणि कितीजण फसतात ते बघायचं. तुमची परवानगी मी घेतली होती, साहेब. तुम्ही फोनवर बोलता बोलता "कर गो काय ता" म्हणालात आणि न वाचता सही केलीत.

मेसेज मी असा लिहिला — गावच्या जत्रेच्या दशावतारी नाटकाला पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवा. खाली नाव आणि ऑफिसचा पासवर्ड भरा.

आमच्याकडे नाटकाला जागा कोणी मोबाईलवर राखत नाही. दुपारी देवळासमोर चटई अंथरायची, की ती जागा तुमची. पुढे चार मानाच्या खुर्च्या असतात, त्या कोणाच्या तेही गावाला पाठ असतं. तरी एकजण फसला. आणखीही फसले.

मग निहारचं उत्तर आलं. नावाच्या जागी 'निहार'. पासवर्डच्या जागी लिहिलं होतं, 'खुर्ची नको. चटई हा माझ्याकडे, दोघांपुरती. येतंस?'

मी मान वर केली. तो समोर अगदी मन लावून पेन्सिलीला टोक करत होता. टोक कधीच झालं होतं... तरी करतच होता.

मी उत्तर देणार, तोच तुम्ही आत आलात. "गौरवी, माझी खुर्ची खंयची? नंबर नाय इलो."

दर वर्षी मधली खुर्ची तुमचीच असते, तिच्यावर बसायची कोणाची छाती नाही. तरी ती राखायला तुम्ही आख्ख्या संस्थेच्या खात्याचा पासवर्ड देऊन मोकळे झालात. निहारने फाईलमध्ये तोंड घातलं. मी हसले नाही, साहेब. तुम्हाला नीट समजावलं, नवा पासवर्ड घालून दिला. फसणं हा गुन्हा नाही.

गुन्हा तुम्ही संध्याकाळी केलात. मला केबिनमध्ये बोलावून म्हणालात, "रिपोर्टात लिही, सगळे पास. दाखलो टाइप करून ठेवलोहा." पणजीच्या एका कंपनीत मला तीन महिन्यांचं काम मिळत होतं. पगाराचं, पहिलं. सोमवारपर्यंत दाखला हवा होता, आणि हे तुम्हाला मीच सांगितलं होतं.

बाहेर निहार गाडीपाशी थांबला होता. मी काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या नावार घाल. साहेब नाय, निहार फसलो म्हण."

"रिपोर्टात मी नावं लिहीतच नाही. किती फसले ते लिहिते. तो आकडा मी बदलणार नाही."

"तुझां काम जातलां, गो."

"खोटा दाखला घेऊन लोकांची खाती राखायला जाऊ? मग तिथलं पहिलं भोक मीच."

"माका वाटलां..." तो आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "तुका काय तरी देवक होयां."

"तू रोज जनेल लावतोस ना माझ्यासाठी. पुष्कळ आहे तेवढं."

त्याने वर बघितलं.

मी खरा रिपोर्ट दिला. तुम्ही दाखला ड्रॉवरमध्ये टाकलात आणि किल्ली फिरवलीत. "दाखला देणार की नाही?" मी विचारलं, तुम्ही फोन उचललात.

काल जत्रेच्या दुपारी मी हळर्णला गेले. या खेपेला गाडीचा मडगार्ड बघून बसले. देवळासमोर निहारने चटई अंथरली होती आणि तो काठावर, अगदी काठावर बसला होता. बाकी सगळी चटई माझ्यासाठी.

"उत्तर नाय दिलंस," तो म्हणाला.

"पासवर्डच्या जागी कोणी प्रश्न लिहितं का?"

"थंय लोक खरां लिहितत. म्हणान लिहिलंय." तो थांबला. "तुझ्या हिशोबात मी फसलंय की नाय?"

"फसलास."

"आणि तू?"

"मी तर पहिल्याच दिवशी... काळ्या मडगार्डाच्या गाडीवर बसले."

तो हसला नाही. त्याचा हात चटईवरून हळूच सरकत आला आणि माझ्या हाताशेजारी थांबला. पुढे यायला परवानगी मागत असल्यासारखा. मी दिली.

"येतंस काय?" त्याने पुन्हा विचारलं. आता ते नाटकाबद्दल नव्हतं.

"होय," मी म्हटलं. "पण पणजीचं काम मिळालं तर आधी ते करीन. येऊन-जाऊन करीन."

"स्टँडार मी असतलंय," तो म्हणाला. "उंडो घेऊन."

दिवे लागायच्या वेळेला तुम्ही आलात, मधल्या खुर्चीवर बसलात. मागे वळलात. आम्हाला बघितलंत, आणि पटकन तोंड फिरवलंत.

साहेब, निहारने विचारलं आणि मी त्याच चटईवर उत्तर दिलं. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही अजून गप्प आहात. उद्या सोमवार. मला तुमचं कौतुक नको. दोन वाक्यं लिहा — गौरवीने इथे काम केलं, आणि जे सापडलं ते खरं सांगितलं. खाली सही, आणि यावेळी वाचून.

देणार की नाही? होय म्हणा, नाही म्हणा. पण मागे वळा आणि बोला.