पूरक चित्रे बंद

जयवंत म्हेत्रे सकाळी स्वयंपाकघरात पावटे सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग उघडली. आत तीन दाणे, आणि

आणि पुढे काही घडेचना. मान वळवली तरी तीच शेंग. भिंतीवर शेंग, खिडकीत शेंग. मग हिरव्या रेघा. मग काळोख.

"शैला, माझं जग अडकलं."

"पहाटे पेटीनं आपणहून नवा चालक घेतलाय," त्यांची बायको शैलजा म्हणाली. "त्याचंच काहीतरी."

पेटी जयवंतांच्या कमरेला असे. त्याआधी बारा वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वी डोळ्यांत चिप बसली. चिपला दिसलेलं मेंदूला कळेल असं करून द्यायचं काम पेटीतला चित्रचालक नावाचा प्रोग्राम करी.

शैलजानं पेटी त्यांच्या कमरेवरून सोडवून घेतली, बॅटरी काढली, दहा आकडे मोजले, परत घातली.

पेटी: चित्रचालक सुरू होत आहे.
पेटी: चित्रचालक बंद पडला.
पेटी: चित्रचालक सुरू हो

"सेफ मोडमध्ये लाव," जयवंत म्हणाले.

"उद्या पेटीच्या कंपनीचा माणूस येईल, तो बघेल."

"तोवर काय शेंगा हुंगत बसू?"

"एक दिवस नाही दिसलं तर काय बिघडतं?"

"तू कशाला घाबरतेस?"

तिनं बाजूचं बटण दाबून धरलं.

पेटी: सेफ मोड. नवा चालक काढला. पूरक चित्रे बंद.

करड्या ठिपक्यांचं स्वयंपाकघर हळूहळू उभं राहिलं. चिपला मुळात दोन हजार ठिपकेच दिसत. उरलेलं सगळं चालक अंदाजानं भरत असे. ठिपक्यांत कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"इकडे बघ ना."

ती वळली. कपाळावरचे केस पांढरे. गाल ओघळलेले. डोळ्यांखाली गडद डाग.

"चेहरे भरायला कंपनीनं फोटो मागितला होता," शैलजा म्हणाली. "मी अलिबागचा दिला. तुमची नजर जायच्या आधीचा."

"आणि मी गावभर सांगत सुटलो, हिला वय शिवत नाही म्हणून."

"म्हणून तर सांगता येईना."

"म्हणजे तीन वर्षं मी अलिबागलाच राहतोय."

"तुम्ही स्वतःसुद्धा. जोडीचा फोटो होता तो. आरशासमोर रोज मिशा पिळता, त्या पांढऱ्याफटक झाल्यात."

जयवंतांनी मिशीला हात लावला. मग दोघंही हसत सुटले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "तीन वर्षांत तू एकदाही दमलेली दिसली नाहीस."

"दमत होते की."

त्यांनी चाचपत स्टूल पुढे ओढलं. "बस इथे. आज भाजी मी करतो."

"ठिपक्यांत?"

"नाकानं."

पेटी: जुना चालक तयार आहे. पूरक चित्रे सुरू केल्यास चेहरे स्पष्ट दिसतील. सुरू करू?

शैलजा स्टुलावर बसली. पेटी तिच्या मांडीवर होती, अंगठा बटणाजवळ. जयवंत खाली वाकून तिच्या डोळ्यांखालचे ते दोन डाग बघत होते.

"अहो, ती विचारतेय," शैलजा म्हणाली. "काय दाबू?"