हरवलेल्या चित्राची पोच

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मला आता कुणाला पटवत बसायचं नाही.

गेल्या वर्षीचा सतरा जून. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. मी तार्तू शहरातल्या आमच्या ऑफिसात होते.

व्हिडिओ कॉलमध्ये वाटेत हरवलेली चित्रं सावरणं हे माझं काम. नियम मीच लिहिलाय. चित्र हरवलं, की दोन्हीकडे नक्की पोचलेल्या जुन्या चित्राकडे परतायचं आणि तिथून पुढे चालायचं. चित्र मिळाल्याची बघणाऱ्याकडून पोच नसेल, तर ते चित्र वापरायचंच नाही.

चाचणीसाठी मी मेलिसला कॉल लावला. माझा धाकटा भाऊ. पेइप्सी सरोवराच्या काठी राहतो, मासे धुरावर भाजून विकतो.

"आलीस ताई? कर माझ्या तोंडाचे तुकडे," तो हसत म्हणाला.

मी मुद्दाम चित्रं गाळायला लागले.

एकदा सावरलं. दुसऱ्यांदाही.

तिसऱ्यांदा आवाज गेला...

मग चित्र आलं. मेलिसचीच खोली. पण खिडकीबाहेर बर्फ होता.

टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. राखाडी स्वेटर. कोपरावरचं ठिगळ मीच लावलेलं.

ताउनो.

त्याच वर्षी मे महिन्यात आमचं लग्न ठरलं होतं. मार्चमध्ये तो सरोवराच्या बर्फावर मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. मेलिस म्हणाला, "माझ्याकडे तो फिरकलाही नाही." त्याच्या शब्दावर सगळे अकरा दिवस भलत्याच काठाला शोधत राहिले.

ताउनोने मान वळवली... सरळ माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज नव्हता.

आणि पुन्हा जूनचं ऊन. समोर मेलिस.

"ताउनो तुझ्याकडे आला होता?"

मला कसं कळलं, हे त्याने विचारलंच नाही.

"जवळची वाट मीच दाखवली त्याला. बर्फ तुटला. मग सांगायची हिंमत झाली नाही, ताई."

ज्याला कडेवर खेळवलं, त्यानेच केसाने माझा गळा कापला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही.

पाणबुडे त्या वाटेवर उतरले. ताउनोला मूठमाती तरी मिळाली.

पण एक राहतंच. कॉल संपला की आमची यंत्रं सगळी चित्रं पुसून टाकतात. मग हे आलं कुठून? मी कॉलची नोंद उघडली...

त्या चित्रावर तारीख होती नऊ मार्च. ताउनो गेला तोच दिवस. त्या दुपारीही मी मेलिसबरोबर चाचणी घेतली होती. "चित्र अडकलंय तुझं," म्हणत मीच कॉल बंद केला होता. पडद्यावर ताउनो दिसला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगते.

पण ते चित्र मिळाल्याची पोच गेलेली आहे.

माझ्याकडून.