चाळीस सकाळी वाचलेलं नाव

मेलेल्या पोराचं जाकीट अंगात घालून जो माणूस भर बाजारात गाजरं विकायला बसतो, त्याला खुनी म्हणायला अक्कल लागत नाही. पोलिसांनीही ती वापरली नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा पारास्किवा चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या टेबलामागे बसली होती.

“आई, कोस्तेलला पकडून नेलं.”

“दारू पिऊन कुठे लोळत होता?”

“खून केला म्हणतात. दिएगोचा.”

पारास्किवाने हातातली मेणबत्त्यांची जुडी खाली ठेवली. जावयाबद्दलचं तिचं मत गावात सगळ्यांना पाठ होतं. कोस्तेल म्हणजे खायला आधी, कामाला माघारी. पण घरी कोंबडी कापायची झाली की हाच माणूस शेजारणीला हाक मारायचा आणि स्वतः गोठ्यामागे जाऊन उभा राहायचा.

“रडू नकोस,” ती लेकीला म्हणाली. “त्याला मारायला मी अजून जिवंत आहे. दुसऱ्याला तो मान मिळायचा नाही.”

प्रकरण असं होतं. एकोणीस वर्षांचा दिएगो बारा जानेवारीला, सोमवारी घराबाहेर पडला. मंगळवारी त्याच्या आईच्या, स्मारांदाच्या फोनवर निरोप आला : ‘इटलीला कामाला जातोय. काळजी करू नकोस.’ गावातली निम्मी पोरं अशीच इटलीला गेलेली. कुणाला नवल वाटलं नाही. मार्चमध्ये डॅन्यूबवरचं बर्फ फुटलं आणि बोरूच्या बेटात त्याचं प्रेत लागलं. डोकं मागून फुटलेलं. जवळच कोस्तेलची नाव, तिच्या फळीवर रक्त. आणि कोस्तेल बाजारात, पोराचं जाकीट घालून.

“बोरूत अडकलं होतं,” तो पोलिसांना म्हणाला. “चांगलं होतं, म्हणून घेतलं.”

खटला ऑक्टोबरात उभा राहिला. पहिल्या दिवशी दिएगोचे दोन जिवलग दोस्त साक्षीला आले.

एक कालिन, सरपंचांचा भाचा. केसांना तेल, बुटांना तेल, जिभेलाही तेल.

“तू काय पाहिलंस?” सरकारी वकिलाने विचारलं.

“कोस्तेल आणि दिएगोचं भांडण. नदीकाठी.”

“कशावरून?”

“नावेवरून. कोस्तेल प्यालेला होता, साहेब.”

“कधी?”

“सोमवारी. तो इटलीला जायच्या आदल्या... म्हणजे आम्हाला तसं वाटलं होतं तेव्हा.”

दुसरा ओक्ताव. हा गरीब, मऊ आवाजाचा. त्यानेही तेच सांगितलं आणि सांगताना रडला. साक्ष झाल्यावर स्मारांदाच्या शेजारी जाऊन बसला, तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

“धीर धरा, मावशी. आमची अंगेलिना तीन दिवसांची असताना गेली, तेव्हा आईला मीच सांभाळलं होतं.”

मागच्या बाकावरून पारास्किवा बघत होती. शेजारची बाई कुजबुजली, “किती गुणी पोरगा.”

“हो,” पारास्किवा म्हणाली. “इतका गुणी की बघून दात शिवशिवतात.”

मग न्यायाधीशांनी स्मारांदाला उभं केलं. मृताचं पूर्ण नाव सांगा म्हणाले.

“कागदावर दिएगो,” ती म्हणाली. “त्याच्या बापाला फुटबॉलचं वेड, म्हणून. पण पाद्री म्हणाले, असला कुणी संत नाही. मग माझ्या माहेरी बाप्तिस्मा झाला, तिथे अवेर्किए ठेवलं. त्याला लाज वाटायची, गावात कुणाला सांगू द्यायचा नाही. पण देवाघरी तो अवेर्किएच.”

पारास्किवाच्या हातातली रुमालाची गाठ सुटली.

तिची शाळा दुसरीत संपली होती. वाचायचं म्हणजे एकेक अक्षर बोटाने ढकलत न्यायचं. पण कान होते. फादर रोज सकाळी मेलेल्यांची नावं वाचायचे, आणि सव्वीस वर्षं टेबलामागे बसून तिला गावातल्या प्रत्येक घरचे मेलेले पाठ झाले होते. जिवंतांपेक्षा तेच तिला बरे वाटत. कमी बोलतात.

अवेर्किए. हे नाव तिने ऐकलं होतं. याच हिवाळ्यात, रोज सकाळी. असल्या नावाचा आपल्या गावात कोण मेला, असं तेव्हा मनात येऊन गेलं होतं.

दिएगो तर तेव्हा इटलीत होता.

*

“फादर, या वर्षीच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?”

फादर विसारिओन गावात येऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं ते पारास्किवाला घाबरत होते.

“त्या ईस्टरच्या आधी जाळायच्या असतात, पारास्किवाबाई.”

“जाळल्या का?”

फादर कपाटाकडे बघू लागले.

“आळस हे पाप आहे, फादर. आजचं तुमचं मी माफ केलं. काढा.”

बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. आडनाव नाही, देवाला आडनावं लागत नाहीत. चाळीस दिवसांची प्रार्थना सांगितली असेल, तर सुरुवातीची तारीख फादर कोपऱ्यात लिहीत, म्हणजे मोजणी चुकायची नाही.

“मेलेल्यांची बाजू वाचा. फक्त तीच.”

“हे बरं नव्हे. लोकांची खाजगी...”

“रोज मोठ्याने वाचता ते काय खाजगी? वाचा. आणि त्या टेकडीवरच्या चर्चमधली जुनी प्रतिमा ख्रिसमसला चोरीला गेली, तेव्हा पोलिसांपुढे तुम्ही असेच कुरकुरलात, म्हणून ती अजून सापडली नाही.”

फादर वाचू लागले. पाऊण तास गेला. पारास्किवा डोळे मिटून घरं ओळखत होती : ही लोहाराची, ही त्या पांगळ्या शिक्षिकेची, ही बेकरीवाल्यांची, यांची आजी दोनदा लिहिली आहे, मूर्ख.

“तोमा, फ्लोआरिया, अंगेलिना, अवेर्किए.”

तिने डोळे उघडले.

“तारीख?”

“सतरा जानेवारी. शनिवार.”

“मागे काय आहे?”

फादर चिठ्ठी उलटी करणार, तेवढ्यात तिने हात आडवा केला.

“नको. मला ऐकायचं नाही. मी कुणाला शिकवलं असं नंतर म्हणायला नको. खिशात ठेवा आणि गुरुवारी कोर्टात या.”

“मी? कोर्टात?”

“आंघोळ करून या.”

*

कोस्तेलची वकीलबाई सरकारने दिलेली होती. इलिंका तिचं नाव. तीन दिवस ती कागदांवर घरं काढत बसली होती. गुरुवारी मात्र ताठ होती, कारण सकाळी पारास्किवाने तिला अर्धा तास झापलं होतं.

सरकारी वकील हसून म्हणाला, “आरोपीच्या सासूबाईंच्या सांगण्यावरून साक्षीदार परत बोलावताय? त्या तर जावयाला वाचवणारच.”

“वाचवणार?” पारास्किवा बाकावरूनच म्हणाली. “साहेब, त्याला घराबाहेर काढायचा याहून स्वस्त मार्ग मला अकरा वर्षांत सापडला नव्हता.”

कोर्ट हसलं. कोस्तेलसुद्धा पिंजऱ्यात मान हलवून हो म्हणाला. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं आणि ओक्तावला उभं केलं.

“दिएगो मेला, हे तुम्हाला कधी कळलं?” इलिंकाने विचारलं.

“मार्चमध्ये. प्रेत मिळालं तेव्हा.”

“त्याआधी शंका?”

“नाही. इटलीत आहे असंच वाटत होतं.”

“तुमच्या घरातली कोण कोण माणसं वारली आहेत?”

तो गोंधळला. “आजोबा तोमा. आजी फ्लोआरिया. बहीण अंगेलिना.”

“आणखी?”

“नाही. एवढीच.”

“तुमच्या नात्यात, शेजारात अवेर्किए नावाचं कुणी?”

ओक्तावजवळ आज पिशवी नव्हती, तरी हात पिशवी धरल्यासारखे जवळ आले.

फादर विसारिओन पुढे आले. त्यांनी चार नावं वाचली, तारीख वाचली. स्मारांदा हळूहळू वळून ओक्तावकडे बघू लागली.

“मी त्याच्यासाठी प्रार्थनाच सांगितली,” ओक्ताव म्हणाला. “प्रवासात सुखरूप राहावा म्हणून. नाव चुकून त्या बाजूला पडलं.”

“फादर,” पारास्किवा उठली, “आता दुसरी बाजू.”

“बाई, खाली बसा,” न्यायाधीश म्हणाले.

“गुडघे धरलेत, साहेब. उठले की लगेच बसता येत नाही.”

फादरनी चिठ्ठी उलटली. जिवंत : “राडा. ओक्ताव. कालिन.”

“राडा याची आई,” पारास्किवा म्हणाली. “दोन दोस्त होते याला. एक बरोबर जिवंतांत लिहिला, एक बरोबर मेलेल्यांत. चूक कुठे झाली ते सांग बाळा.”

 उत्तर आलं ते कालिनकडून, मागच्या बाकावरून, दात खाऊन :

“गाढवा, लिहून दिलंस?”

नंतर त्याने तोंडावर हात ठेवला. तोंडातून निघालेलं परत आत जात नाही, हे त्याच्या मामाने त्याला शिकवलं नव्हतं.

शिपाई दाराशी जाऊन उभा राहिला. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“मेणबत्तीवाल्या बाई, तुम्हाला हे कसं कळलं ते नीट सांगा.”

“सोपं आहे, साहेब. चिठ्ठीवर आडनाव नसतं, पण मेलेल्यांची रांगच घराचं नाव सांगते. तोमा, फ्लोआरिया आणि तीन दिवसांची अंगेलिना हे आमच्या गावात एकाच घराचे. त्यांच्यामागे हा चौथा कुठून आला? याने एकट्या दिएगोसाठी चिठ्ठी द्यायला हवी होती, म्हणजे मला घर कळलं नसतं. पण आपल्यात तसं कुणी करत नाही. परक्या मेलेल्याचं नाव द्यायचं आणि घरच्यांना वगळायचं, तर घरचे रुसतात. हा लहानपणापासून आजीचा हात धरून चर्चमध्ये आलेला. हात आपोआप चालला.”

“पण खून करणारा प्रार्थना का सांगेल?”

“देवाच्या भीतीने नव्हे. मेलेल्याच्या. हातात मेणबत्ती नसताना मेलेला, माती न मिळालेला माणूस चाळीस दिवसांत उठून दाराशी येतो म्हणतात. याला वाटलं, चाळीस दिवस नाव वाचून घेऊ, म्हणजे तो झोपेल. आणि प्रार्थना पोहोचायची तर बाप्तिस्म्याचंच नाव हवं. ‘दिएगो’ लिहिलं असतं तर मला लगेच कळलं असतं. खरं नाव लिहिलं, म्हणून मला आठ महिने लागले. ते नाव पोराने ज्यांना विश्वासाने सांगितलं ते हेच दोघे.”

ओक्ताव खाली बसला होता, जमिनीवरच. त्याने बाकीचं स्वतःच सांगितलं. टेकडीवरची प्रतिमा तिघांनी मिळून चोरली होती. दिएगोला झोप येईना. परत नेऊन ठेवू, सगळं कबूल करू, म्हणाला. कालिनने बोलावलं असतं तर तो आला नसता. म्हणून ओक्तावने बोलावलं, मासे भाजू या म्हणून. कालिनने मागून वल्हं घातलं. नदी तेव्हा अजून गोठली नव्हती; कोस्तेलची नाव काठाला फुकट पडली होती, ती प्रेत न्यायला वापरली. दिएगोच्या फोनवरून निरोप कालिनने पाठवला.

“तू काय केलंस?” स्मारांदाने विचारलं. एवढंच.

“मी त्याच्याशी बोलत होतो, मावशी. त्याने वळून बघू नये म्हणून.”

पारास्किवाने इतक्या वर्षांत पुष्कळांना नावं ठेवली होती. या पोरासाठी तिला एकही सापडलं नाही.

*

कोस्तेलला संध्याकाळच्या आत सोडलं. तो कोर्टाच्या पायऱ्यांवर आला, सासूच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला.

“लांबून,” ती म्हणाली. “सात महिन्यांचा वास येतोय.”

स्मारांदा पायऱ्यांच्या कडेला उभी होती. सात महिने ती या माणसाच्या दारावर थुंकत होती. ती त्याच्याकडे न बघता पारास्किवाला म्हणाली :

“गेल्या हिवाळ्यात ओक्ताव मला लाकडं फोडून द्यायचा. फेब्रुवारीभर. मी त्याला सूप पाजायचे. अजून अर्धी रास पडवीत आहे. आता थंडी सुरू होईल. मी ती कशी पेटवू?”

पारास्किवा जावयाकडे वळली.

“उद्या सकाळी गाडा जुंप. तिची रास उचल आणि जिथे डोळ्यांना दिसणार नाही तिथे टाक. मग आपल्या गंजीतली तेवढीच तिच्या पडवीत रच.”

“उद्याच?” कोस्तेल म्हणाला. “आजच सुटलो, सासूबाई.”

“मग आज जा.”

 त्याने टोपी घातली आणि स्मारांदाला म्हणाला, “चला, मावशी. ओली लाकडं कुठली आणि वाळली कुठली ते मला कळत नाही. तुम्ही दाखवा.”